मधुवंतीचं बोलावणं

२०१८ च्या जानेवारीत मकरंदनं श्रीनाथला विचारलं, "माझा बेस्ट मॅन होशील का?" आणि मग स्वतःच जरा कसंनुसं हसून म्हणाला, "म्हणजे, पुन्हा."

दोघं मकरंदच्या घरामागच्या डेकवर बसले होते. ऑकलंडच्या अल्बनी भागातलं हे घर त्यानं वर्षापूर्वीच घेतलं होतं, आणि कुंपणाच्या लाकडाला अजून ओला वास होता. श्रीनाथ तिथून दहा मिनिटांवर राहायचा. दोघं पुण्याहून एकाच वर्षी शिकायला आले, ख्राइस्टचर्चला एका खोलीत राहिले आणि नोकऱ्यांसाठी एकामागोमाग ऑकलंडला आले. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

"फक्त एक कर," मकरंद म्हणाला. "भाषणात जुनं काही काढू नकोस."

"जुनं म्हणजे?"

"तुला माहितीये."

श्रीनाथनं मान हलवली. त्याला माहीत होतं.

मकरंदचं पहिलं लग्न २०१२ साली ख्राइस्टचर्चला झालं होतं, रिकार्टनमधल्या एका छोट्या हॉलमध्ये. मुलगी सांगलीची, मधुवंती. त्यांच्याच कॉलेजात एक वर्ष मागे होती. पत्रिका जुळत नाही म्हणून मकरंदची आई, स्नेहलताबाई, पुण्याहून आल्या नाहीत. मधुवंतीला वडील नव्हते, आणि तिच्या आईला एवढा प्रवास झेपणारा नव्हता. म्हणून बेस्ट मॅनच्या नावाखाली श्रीनाथनंच सगळं केलं. हॉलच्या किल्ल्या आणल्या, फुलं आणली, नवरीला गाडीतून आणलं, अंतरपाटाचं एक टोक धरलं. मंगलाष्टकं चालू असताना जमीन एकदा हलकीच हलली, मोठ्या भूकंपानंतर त्या शहरात ती तेव्हा अधूनमधून हलायचीच, आणि सगळे एकमेकांकडे बघून हसले. कानपिळीची वेळ आली तर नवरीला भाऊ नव्हता. "श्रीनाथ, तूच पीळ," असं कुणीतरी म्हणालं आणि त्यानं मकरंदचा कान पिळला. शेवटी लग्न नोंदवणाऱ्या सेलिब्रंट बाईंनी सरकारी कागद पुढे केला, त्यावर साक्षीदार म्हणून त्यानंच सही केली.

त्या दिवसापासून मधुवंती त्याला श्रीदादा म्हणायला लागली. दर भाऊबीजेला ओवाळायची. रक्ताचा एक आजार होऊन ती ऑगस्ट २०१५ मध्ये गेली. चार महिन्यांत सगळं आटोपलं. अर्ध्या अस्थी कृष्णेला गेल्या. उरलेल्या ऑकलंडच्या दक्षिणेला असलेल्या एका स्मशानभूमीतल्या गुलाबांच्या बागेत ठेवल्या आणि वर हातभर पितळी पाटी बसवली. महिन्याभरानं मकरंदनं दारात टाकाऊ सामानाचा मोठा लोखंडी डबा, स्किप, मागवला आणि तिचं होतं नव्हतं ते त्यात टाकलं. श्रीनाथ मदतीला गेला होता. एका खोक्यात तिच्या साड्या होत्या. "हेही?" त्यानं विचारलं. "सगळं," मकरंद म्हणाला. त्यानंतर मकरंदनं तिचं नाव कधी घेतलं नाही. तो घेत नाही म्हणून श्रीनाथनंही घ्यायचं सोडून दिलं.

आता लग्न मार्चमध्ये होतं. मुलगी ठाण्याची, स्वरदा. पाण्याच्या पाइपलाइन टाकणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. स्पष्ट बोलणारी, कामाला चोख. तिनं श्रीनाथला ईमेलनं यादीच पाठवली, बेस्ट मॅनची कामं, एकूण अकरा. पाहुण्यांचे होकार-नकार गोळा करायचे, जेवणाचा आकडा कळवायचा, नवरदेवाचा सूट आणायचा, अंगठ्या सांभाळायच्या, भाषण करायचं. श्रीनाथनं यादी फ्रिजवर लावली आणि एकेक काम उरकायला लागला.

जेवण टाकानिनीच्या प्रमोदिनीताई करणार होत्या. ऑकलंडमधल्या निम्म्या मराठी लग्नांचा स्वयंपाक त्यांच्याच हातचा असायचा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात श्रीनाथनं त्यांना फोन करून आकडा सांगितला, अठ्ठेचाळीस पानं.

"एकोणपन्नास ना?" प्रमोदिनीताई म्हणाल्या.

"नाही, अठ्ठेचाळीसच."

"मग ते बिनलसणाचं पान धरलं नाहीत तुम्ही. त्या बाईंचा फोन आला होता की. कांदा चालेल, पण लसूण अजिबात नको, अंगावर पित्त उठतं म्हणाल्या."

श्रीनाथ स्वयंपाकघरात उभा होता. तो खुर्ची ओढून बसला. "कोण बाई?"

"नाव नाही सांगितलं. वराकडची म्हणाल्या. मराठी छान होतं, सांगली-कोल्हापूरकडचं वाटलं मला. मी म्हटलं, आकडा श्रीनाथ कळवणारेत, तर म्हणाल्या, श्रीदादा विसरले असतील, म्हणून मीच सांगते."

"कधी आला होता फोन?"

"परवा. दुपारी. मी पोळ्या लाटत होते, म्हणून लक्षात आहे. काही चुकलं का?"

"नाही," श्रीनाथ म्हणाला. "चौकशी करतो."

त्यानं चौकशी केली नाही. करणार कुणाकडे? लसणाचं पित्त मधुवंतीला उठायचं. श्रीदादा तिच्याशिवाय त्याला कुणीच म्हणत नव्हतं. कुणीतरी चेष्टा करत असेल असं त्यानं मनाशी ठरवलं, पण अशी चेष्टा करू शकेल असा एकही माणूस त्याला आठवेना. दोन दिवसांनी त्यानं पुन्हा फोन करून अठ्ठेचाळीस लिहायला सांगितलं. प्रमोदिनीताई बरं म्हणाल्या. आठवड्यानं त्यांनी नक्की केलेला मेनू पाठवला, त्यात खाली एकोणपन्नास लिहिलं होतं. श्रीनाथनं विचारलं तेव्हा त्या गोंधळल्या. "अहो, तुम्हीच नाही का काल निरोप पाठवलात त्यांच्याबरोबर?" म्हणाल्या.

श्रीनाथनं मग तो आकडा तसाच राहू दिला.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी तो मकरंदबरोबर सूट आणायला निघाला. मकरंदची गाडी गेल्याच वर्षी घेतलेली, नवी कोरी. श्रीनाथ पुढे त्याच्या शेजारी बसला. मकरंदनं गाडी चालू केली आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. पिंग, पिंग, पिंग. मागच्या डाव्या सीटवर कुणीतरी बसलंय आणि पट्टा लावलेला नाही.

श्रीनाथनं वळून पाहिलं. सीट रिकामी होती. साधी पिशवीसुद्धा नव्हती तिथं.

मकरंद खाली उतरला. त्यानं मागचं दार उघडलं, पट्टा पुढे ओढला, जरा सैल सोडला आणि क्लिपमध्ये अडकवला. मग दार लावलं. गाडीचं दार तो एरवी धाडकन लावायचा. हे त्यानं हळू लावलं, आत कुणाचा हात तर नाही ना, हे बघून लावतात तसं.

पिंग थांबलं. गाडी रस्त्याला लागली.

"सेन्सर बिघडलाय," मकरंद म्हणाला.

"दाखवलास का?"

"दोनदा. त्यांना काही सापडत नाही. त्यांच्याकडे असली की वाजतच नाही."

"कधीपासून?"

मकरंदनं आरशात पाहिलं, मग समोर. "नोव्हेंबरपासून."

त्याचा साखरपुडा नोव्हेंबरमध्ये झाला होता. वाटभर श्रीनाथनं मागं वळून पाहिलं नाही, पण मोटरवेवर एका वळणाला मागचा पट्टा करकरला. अंगाचा भार एका बाजूला गेला की करकरतो, तसा. मकरंदनं रेडिओचा आवाज वाढवला.

सूट घेऊन परत आल्यावर मकरंद उतरला, मागचं दार उघडून त्यानं पट्टा काढला आणि क्षणभर दार तसंच उघडं धरून उभा राहिला. मग लावलं. श्रीनाथच्या लक्षात आलं की हे तो रोज करत असणार. आणि त्याबद्दल एक अक्षरही बोलायचं नाही असं त्यानं ठरवलेलं असणार.

त्याच आठवड्यात स्नेहलताबाई पुण्याहून आल्या. सत्तरीला आलेल्या, बारीक, अबोल बाई. श्रीनाथ त्यांना विमानतळावर घ्यायला गेला. मुलाच्या घरी पोचल्यावर त्यांनी सगळ्या खोल्या हिंडून पाहिल्या आणि भिंतींवर काही शोधावं तशी नजर फिरवली. कुठंही एकही जुना फोटो नव्हता.

लग्नाला नऊ दिवस उरले असताना स्वरदानं श्रीनाथला जेवणाच्या सुट्टीत अल्बनीच्या मॉलमध्ये बोलावलं. एकटीच आली होती. साइटवरचे बूट तसेच पायात होते. कॉफी आल्यावर ती सरळ मुद्द्यावर आली.

"मधुवंती कशी होती?"

अडीच वर्षांत ते नाव श्रीनाथनं कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"नाव मला माहीत आहे," स्वरदा म्हणाली. "ते काय, कुठूनही कळतं. पण मकरंदच्या तोंडून मी एकदाही ऐकलेलं नाही. तो 'तेव्हा' म्हणतो. तेव्हा आम्ही मानुकाऊला राहायचो, तेव्हा दुसरी गाडी होती. लग्नाच्या फॉर्मवर एक रकाना आहे, आधी लग्न झालंय का, आणि ते कसं संपलं. त्यानं तो कोरा सोडला. सेलिब्रंटनं मला फोन करून विचारलं. मी लिहिलं, विधुर. मला लिहावं लागलं, श्रीनाथ."

"स्वरदा, त्याला फार त्रास झाला होता..."

"मला माहितीये. पण ऐक. माझी लग्नाची साडी त्या घरी कपाटात ठेवलीये. मी घडी घालून ठेवते आणि दुसऱ्या वेळी पाहते तर घडी बदललेली असते. विस्कटलेली नाही, चांगली घातलेली असते. माझ्यापेक्षा चांगली. पदर आत, जर घासू नये म्हणून मध्ये मलमलचा तुकडा. तो तुकडा माझा नाही, मी कुठून आणलेला नाही." तिनं कप खाली ठेवला. "पहिल्यांदा मला वाटलं काकूंनी केलं असेल. पण काकू तेव्हा पुण्यात होत्या."

श्रीनाथनं तिला प्रमोदिनीताईंच्या फोनचं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज खाली गेला.

"मला तिची भीती वाटत नाही," शेवटी ती म्हणाली. "मला मकरंदची वाटते. त्याला सगळं कळतंय आणि तो बघत नाही. उद्या मला काही झालं तर मलाही तो असंच पुसून टाकेल. जुन्या शेजाऱ्यांनी सांगितलंय मला. तसाच एक स्किप मागवेल आणि झालं."

शेजारच्या टेबलावरची बाई उठून गेली. जरा वेळानं स्वरदाच पुढे म्हणाली, "आमच्या गावाकडे मुलगी दुसरेपणावर दिली तर पहिलीचा चांदीचा टाक करून गळ्यात घालतात. लग्नाआधी तिची ओटी भरतात, तिला रीतसर बोलावणं करतात. माझी आई परवा येतेय, तिला मी टाक करून आणायला सांगितलाय. ओटी मी भरेन. पण बोलावणं माहेरच्या माणसानं करायचं असतं. तिचं इथं कोण आहे?"

"मी आहे," श्रीनाथ म्हणाला. "मी तिचा भाऊ आहे."

हे वाक्य त्यानं कितीतरी दिवसांत उच्चारलं नव्हतं. उच्चारल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली.

त्या संध्याकाळी तो मकरंदकडे गेला. मकरंद गॅरेजमध्ये उभा राहून गाडी पुसत होता. मागची डावी बाजू सोडून सगळी गाडी ओली होती.

"पुढच्या शुक्रवारी आपण तिघं बागेत जातोय," श्रीनाथ म्हणाला. "मधूला बोलवायला."

मकरंदचा हात थांबला. "श्री, मी तुला आधीच सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. मी ऐकलं. अडीच वर्षं ऐकतोय."

"मग?"

"मग आता ऐकत नाही. तू या गाडीत रोज कुणाला बसवतोस?"

मकरंदनं फडकं बादलीत टाकलं आणि गॅरेजच्या पायरीवर बसला. मग बोलला ते अगदी हळू.

"शेवटच्या आठवड्यात, हॉस्पिटलमध्ये. ती म्हणाली, पुन्हा लग्न कर. मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस. ती म्हणाली, कर, माझी काही हरकत नाही. फक्त मला सांगून कर."

"आणि तू?"

"मी हसलो. काय करणार होतो? म्हटलं, बरं, सांगेन." त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "साखरपुड्याच्या दिवशी गाडी चालू केली आणि ते वाजलं. मला तिथंच कळलं. ही गाडी तिनं कधी पाहिलेलीसुद्धा नाही, श्री. पण डाव्या बाजूला मागं, तिची ती जागा. आजारी पडल्यापासून ती पुढं बसायचीच नाही, पाय वर घेता येत नाहीत म्हणून."

"मग सांगितलं का नाहीस तेव्हाच?"

"नाही म्हणाली तर?" मकरंद म्हणाला. "हरकत नाही असं ती बोलली होती, पण तेव्हा ती जिवंत होती."

श्रीनाथ त्याच्या शेजारी पायरीवर बसला. गाडीवरून पाणी निथळत होतं. त्या एका कोरड्या दाराच्या काचेवर आतून वाफ धरली होती, तळहाताएवढी, आणि ते दोघं बघत असतानाच ती हळूहळू विरून गेली.

"शुक्रवारी," मकरंद म्हणाला. "दुपारी जाऊ."

लग्न शनिवारी होतं. शुक्रवारी बारा वाजता तिघं निघाले. स्वरदानं ओटीचं सामान आणलं होतं. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, खण आणि एक हिरवी साडी. श्रीनाथ पुढे बसला. स्वरदा मागच्या उजव्या दारानं आत शिरली. शेजारच्या सीटवर टेकवलेली आपली पर्स तिनं उचलून मांडीवर घेतली. मकरंदनं रोजच्यासारखा डावीकडचा पट्टा लावला, दार लावलं, आणि ते दक्षिणेकडे निघाले.

हार्बर ब्रिजवर वारा जोराचा होता. श्रीनाथनं एकदा आरशात पाहिलं. स्वरदानं डावा हात मधल्या जागेत उताणा ठेवला होता, बोटं अर्धवट मिटलेली. ती खिडकीबाहेर बघत होती. तिच्या दंडावर काटा उभा राहिलेला त्याला आरशातूनही दिसला, पण तिनं हात काढला नाही. पार मानुकाऊ येईपर्यंत तिनं तो तसाच ठेवला.

बागेत कुणी नव्हतं. उन्हात गुलाबांच्या रांगा, पाण्याचा एक नळ, लांबवर गवत कापायच्या यंत्राचा आवाज. मकरंदला पाटी सापडेना. अडीच वर्षांत तो एकदाही आला नव्हता. श्रीनाथही नव्हता. दोघं रांगेरांगेतून वाकून नावं वाचत फिरले. पाटी स्वरदानं शोधली. पितळ काळवंडलं होतं आणि अक्षरांत माती बसली होती. तिनं रुमाल ओला करून ती पुसली, समोर बसली, हळदीकुंकू वाहिलं आणि ओटी भरली. साडीची घडी पाटीपाशी ठेवताना ती इतकंच म्हणाली, "मधुवंतीताई, मी स्वरदा."

मग श्रीनाथ पुढे झाला. हातात अक्षता होत्या. काय बोलायचं ते त्यानं गाडीत जुळवलं होतं, आता त्यातलं काही आठवेना.

"मधू, उद्या तुझ्या घरी लग्न आहे," तो म्हणाला. "अकरा वाजता, टाकानिनीला. माझ्याकडून बोलावायला उशीर झाला. तू आलं पाहिजेस. भाऊ म्हणून सांगतोय."

त्यानं अक्षता पाटीवर ठेवल्या आणि बाजूला झाला. मकरंद तसाच उभा होता. गवताचं यंत्र बंद पडलं. वारा होता, गुलाबांची पानं हलत होती, पण त्या एका रांगेतलं पान हलत नव्हतं. हे तिघांनीही पाहिलं.

"मधू," मकरंद म्हणाला. त्यानं पुन्हा म्हटलं, "मधू, मी लग्न करतोय. तुला आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मला भीती वाटली." तो खाली बसला आणि पाटीवर हात ठेवला. लगेच झटका बसल्यासारखा उचलला, आणि पुन्हा ठेवला.

"काय झालं?" स्वरदानं विचारलं.

"गार आहे," तो म्हणाला.

वर मार्चचं कडक ऊन होतं. श्रीनाथनं शेजारच्या पाटीला बोट लावून पाहिलं, तर ती चटका बसावा इतकी तापली होती.

मकरंद बराच वेळ तिथं बसून राहिला. सुरुवातीला त्याचं बोलणं ऐकू येत होतं. नवं घर, आईचे गुडघे, स्किप. स्किपचं सांगताना तो रडला. तेव्हा स्वरदानं श्रीनाथच्या बाहीला धरून त्याला नळापर्यंत लांब नेलं. परत येताना मागच्या डाव्या सीटचा पट्टा कुणी लावला नाही, आणि काही वाजलं नाही.

लग्न वेळेवर लागलं. स्वरदाच्या गळ्यात काळ्या पोतीच्या वर एक छोटा चांदीचा टाक होता. ज्यांना त्याचा अर्थ कळत होता त्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. हॉलमध्ये पहिल्या रांगेत, मकरंदच्या बाजूला, श्रीनाथनं एक खुर्ची मोकळी ठेवली होती. आधी दोघातिघांनी विचारलं, इथं बसू का. मग कुणी विचारेनासं झालं. लोक तिच्यासमोरून जाताना, कुणाच्या पायाला पाय लागू नये म्हणून जातात तसे, जरा वळसा घालून जात होते. आपण असं का करतोय हे त्यांनाही कळत नसावं.

अंतरपाटाचं एक टोक श्रीनाथच्या हातात होतं. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला. रीत अशी की नवरा-नवरीनं पहिल्यांदा एकमेकांकडे बघायचं. मकरंदनं आधी त्या खुर्चीकडे पाहिलं. किंचित मान झुकवली. स्वरदा हातात हार घेऊन थांबली होती, तिला घाई नव्हती. मग तो तिच्याकडे वळला आणि तिनं हार घातला.

सेलिब्रंटनं कागद पुढे केला. श्रीनाथनं साक्षीदार म्हणून सही केली, सहा वर्षांत दुसऱ्यांदा.

जेवणाआधी त्याचं भाषण होतं. लिहून आणलेलं त्यानं खिशातच ठेवलं. त्यानं रिकार्टनच्या त्या हॉलचं सांगितलं, मंगलाष्टकांत हललेल्या जमिनीचं सांगितलं, मधुवंती नावाच्या मुलीचं सांगितलं, जिला इथं भाऊ नव्हता म्हणून त्याला भाऊ व्हावं लागलं. "मी या माणसाच्या दोन्ही लग्नांचा साक्षीदार आहे," तो म्हणाला. "एकाचा होतो आणि एकाचा नव्हतो असं मला म्हणता येणार नाही." एवढं बोलून तो खाली बसला. टाळ्या वाजल्या नाहीत. स्वरदानं टेबलावरून हात पुढे करून त्याचा हात दाबला.

स्नेहलताबाई उठून बाहेर गेलेल्या त्याला दिसल्या. तो मागोमाग गेला. त्या कार पार्कच्या कडेला, पोहुटुकावाच्या झाडाच्या सावलीत उभ्या होत्या.

"काकू, माझं चुकलं असेल तर..."

"तुझं नाही रे," त्या म्हणाल्या. नवा शालू त्यांनी दोन्ही हातांनी आवळून धरला होता. "जानेवारीत मला फोन आला होता. दुपारी, मी आडवी झाले होते. नंबरबिंबर काही दिसत नव्हता. एक मुलगी म्हणाली, आई, या वेळी तरी या. इतकंच. मला वाटलं, स्वरदाच. मी आपली मनात म्हटलं, काय गोड बोलते मुलगी. तिकीट काढलं त्या फोनमुळे, नाहीतर गुडघ्यांचं कारण सांगून मी यायचं टाळणार होते."

श्रीनाथ त्यांच्या शेजारी सावलीत आला.

"इथं आल्यावर स्वरदाला विचारलं. ती म्हणाली, मी नाही केला. आणि मग माझ्या लक्षात आलं, फोनवरची मुलगी 'या वेळी तरी' का म्हणाली." त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "तिचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता, श्रीनाथ. तीन वर्षं सून होती ती माझी. मी एकदाही फोनवर आले नाही. ओळखणार कशी?"

सोमवारी मकरंद आणि स्वरदा दक्षिण बेटावर फिरायला गेले. मंगळवारी सकाळी श्रीनाथनं रजा टाकली आणि स्नेहलताबाईंना बागेत घेऊन गेला. त्यांनीच तसं सांगितलं होतं. ओटीतले तांदूळ पक्ष्यांनी टिपले होते, हिरवी साडी तिथं नव्हती. बागेच्या माळ्यानं उचलली असेल, असं श्रीनाथ म्हणाला. त्याच्या हाताचा आधार घेत त्या पाटीसमोरच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "तू जरा फिरून ये."

तो फाटकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा एक फेरी मारली. लांबून त्याला दिसत होतं, त्या बोलत नव्हत्या. मान एका बाजूला कलती करून, फोन कानाला लावल्यावर माणूस बसतं तशा बसल्या होत्या. अधूनमधून हुंकार दिल्यासारखी मान हलायची. एकदा त्या हसल्या. एकदा त्यांनी पदरानं डोळे पुसले. पाऊण तास झाला. ढग आले, ऊन गेलं, वाऱ्यात गारवा आला. म्हातारं माणूस, थंडी बाधेल म्हणून श्रीनाथ जवळ गेला.

"काकू, निघायचं का?"

स्नेहलताबाईंनी त्याच्याकडे न पाहता हात वर करून त्याला थांबवलं.

"जरा थांब," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तिचं अजून बोलून व्हायचंय."

श्रीनाथ बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मधली जागा त्यानं मोकळी सोडली.